दोघांना दिलेला पहिला खांदा

गावकीच्या वहीत माझ्या हातची एक खोटी ओळ होती. ती वही आता नाही. कुंडलिका नदीचं पाणी समाजमंदिरात कंबरभर शिरलं, त्या पावसाळ्यात इतर कागदांबरोबर तिचाही लगदा झाला. ओळ लिहिणारा मी मात्र अजून आहे आणि ऐंशीच्या पुढे गेलो आहे. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो. यात माझी बाजू मांडायची नाही. मला बाजूच नाही.

मी मूळचा पेणचा. नोकरी रोह्याला, हायस्कूलमध्ये पी.टी.चा शिक्षक. शहरात खोली परवडेना, म्हणून नदीकाठच्या एका गावात भाड्यानं घर घेतलं आणि सायकलनं ये-जा करू लागलो. गावाचे दोन भाग होते, वरची आळी आणि खालची आळी. मधून एक ओहोळ जायचा. त्याच्यावर दगडी साकव, दोन माणसं शेजारी चालतील एवढा रुंद, कडेला गुडघ्याएवढा कठडा.

चैत्रात देवीची पालखी निघायची. दुपारी वरच्या आळीतल्या देवळातून बाहेर पडली की साकवाच्या तोंडाशी सहाणेवर येऊन टेकायची. सहाण म्हणजे पालखी ठेवायचा दगडी चौथरा. तिथे ओट्या भरून झाल्या की पालखी उचलून साकवावरून खालच्या आळीत न्यायची आणि मग घरोघर, दारादारात थांबत संध्याकाळपर्यंत फिरवायची. सहाणेवरून उचलताना पुढच्या दांड्याला पहिला खांदा कुणाचा, हा सगळ्यात मोठा मान. एक वर्ष वरच्या आळीचा, एक वर्ष खालच्या आळीचा.

मी राहायला गेलो त्याच वर्षी सहाणेवर मारामारी पाहिली. कुणी कुणाच्या बहिणीकडे पाहिलं म्हणून सुरू झाली म्हणतात. ढोल वाजवायच्या काठ्याच पोरांनी एकमेकांच्या डोक्यात घातल्या. बायका मुलांना पोटाशी धरून देवळात पळाल्या आणि आतून दार लावून घेतलं. त्यांत माझी बायको होती, कडेवर आमची दीड वर्षाची मुलगी. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी आम्ही मायलेकी पेणला जाऊ जत्रेच्या दिवशी."

पुढच्या जत्रेआधी गावकी बसली तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. हे वरच्या आळीतले, भाताच्या गिरणीचे मालक. गावात शब्दाला वजन असलेला माणूस.

"सर, पोरं तुमच्या हाताखालची. आमचं ऐकत नायत. तुमी बघा."

"मी परका माणूस, अध्यक्ष."

"म्हणूनच. परक्याला आळी नसते."

मला ते वाक्य आवडलं होतं, हे आज कबूल करतो.

मी कामाला लागलो. कबड्डी हा त्या भागातल्या पोरांचा जीव. शाळा सुटलेली, कंपनीत ठेकेदाराकडे लागलेली किंवा कुठेच न लागलेली सगळी पोरं संध्याकाळी मैदानात यायची. आधी आळीचे दोन वेगळे संघ होते. मी ते मोडले आणि एक केला. चढाईला खालचा गेला तर त्याला वरच्यांनी ओरडून धीर द्यायचा, असा नेमच केला. जत्रेच्या दिवशी स्वयंसेवकांच्या जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीत एक वरचा आणि एक खालचा. एक जोडी पाळण्यापाशी, एक रसाच्या गाड्यापाशी, एक देवळाच्या पायऱ्यांवर, एक साकवाच्या कठड्याला. साकवाच्या जोडीचं काम एवढंच की पालखी जाईपर्यंत कुठलंही पोर कठड्यावर चढू द्यायचं नाही. ढोलाच्या काठ्या वाजवणाऱ्यांशिवाय कुणाच्या हातात दिसायच्या नाहीत.

आणि शिट्टी. दोन आखूड म्हणजे थांबा. एक लांब म्हणजे उचला आणि चला. मैदानात वर्षभर त्याच शिट्टीवर धावणारी पोरं पालखीतही तिच्यावर चालायला लागली. पहिल्या वर्षी म्हातारे हसले. "देवीची परेड काढली सरांनी," असं एक जण म्हणाला. पण डोकं फुटलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. चार वर्षं झाली. सासुरवाशिणी मुलांना घेऊन माहेरी जत्रेला पुन्हा येऊ लागल्या. माझी बायको पेणला जायची थांबली.

पाचव्या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी देवळाच्या गुरवाच्या घरात मयत झालं. सुतक पडलं आणि पालखी बाहेर निघालीच नाही. त्या वर्षी पहिला खांदा खालच्या आळीचा होता.

सहाव्या वर्षी प्रश्न उभा राहिला. वरची आळी म्हणे, तुमचं वर्ष सुतकात गेलं, त्याला आम्ही काय करणार, आता पाळी आमची. खालची आळी म्हणे, पालखी उठलीच नाही तर पाळी गेली कशी? दोघांचंही म्हणणं ऐकलं की बरोबर वाटायचं. गावकीत तीन बैठका झाल्या, निकाल लागला नाही. अध्यक्ष म्हणाले, "सर करतील काय ते." मी मान डोलावली.

खालच्या आळीतला एक तरुण होता, बावीस-तेवीसचा. माझ्या संघातला सगळ्यात चांगला चढाईपटू. कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टला जायचा. वडील लहानपणीच गेलेले, घरी तो आणि आई. जत्रेच्या पंधरा दिवस आधी खेळ संपल्यावर तो माझ्या सायकलीपाशी आला.

"सर, यंदा पहिला खांदा कोणाचा?"

"तुझा."

"माझा म्हंजे आमच्या आळीचा?"

"आळीचा, आणि पुढे तू. पण पालखी उठेपर्यंत गप्प राहायचं. आईलाही सांगायचं नाही."

"आईला तरी सांगू द्या सर. तिचा जीव हाय त्याच्यात."

"नाही म्हटलं ना."

"बरं," तो म्हणाला, आणि हसत सायकल माझ्या हातातून घेऊन रस्त्यापर्यंत ढकलत आला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर तांदूळ घ्यायला गेलो तेव्हा अध्यक्षांचा पुतण्या तिथे होता. तोही माझ्याच संघात, पकड उत्तम. त्यानं विचारलं नाही, सांगितलंच. "सर, यंदा पाळी आमची. तुमी आडवं बोलू नका म्हंजे झालं." मी म्हणालो, "मी कशाला आडवं बोलू? तुमचीच आहे. फक्त शांत राहा."

हे मी का केलं? माझ्या मनात एक योजना होती. आळ्यांना पंधरा दिवस शांत ठेवायचं. पालखी सहाणेवर टेकली की दोन्ही आळ्यांतल्या दोन सर्वांत वृद्ध माणसांना पुढे बोलवायचं आणि पहिला खांदा त्या दोघांना द्यायचा. म्हाताऱ्यांच्या खांद्यावरची पालखी कोण ओढणार? दहा पावलं गेली की मी लांब शिट्टी वाजवणार, मग पोरं घेतील. योजना मी बायकोशिवाय कुणालाच सांगितली नव्हती, त्या दोन म्हाताऱ्यांनाही नाही. गर्दीच्या बाबतीत मला आता फार कळतं, असं मला वाटत होतं.

जत्रेच्या दिवशी ऊन कडक होतं. मागच्या वर्षी पालखी न निघाल्यामुळे यंदा लोक दुप्पट आले होते. रोह्याहून, पेणहून, कुणी जोह्याहून. सहाणेभोवती ताटं घेतलेल्या बायका, बापांच्या खांद्यांवर बसलेली पोरं, फुगेवाले. ढोल-सनईचा खालूबाजा असा लागला होता की शेजारच्या माणसाशी कानात बोलावं लागे. दोन पोलीस आले होते, ते बिचारे गर्दीबाहेरच अडकले. पालखी सहाणेवर टेकली. ओट्या सुरू झाल्या.

मी म्हाताऱ्यांना शोधलं. एक दिसला, बायकांच्या चार रांगांपलीकडे, काठी टेकून. मी हात केला. त्याला वाटलं मी नमस्कार केला, त्यानंही हात जोडले. दुसरा दिसलाच नाही. तो उन्हामुळे घरीच झोपला होता, हे नंतर कळलं.

मग मला भीती वाटली. दोन्ही आळ्यांची पोरं दांड्याकडे सरकत होती. सहाणेपाशी माणसं कमी पडतील म्हणून मी साकवाच्या कठड्यावरच्या जोडीला हातानं खुणावून बोलावलं. ते दोघे लगेच आले. माझं ऐकायची त्यांना सवय होती. त्यांच्यामागे कठड्यावर लगेच पोरं चढली. ती मी पाहिली. पाहून मी पुन्हा दांड्याकडे बघायला लागलो.

चढाईपटू पुढच्या दांड्याशी आला आणि त्यानं हात ठेवला. दुसऱ्या बाजूनं पुतण्यानं.

"हात काढ."

"यंदा आमचा हाय."

"कोण बोलला?"

"सर बोलले. विचार सरांना!"

मी सहा फुटांवर होतो. ते मी ऐकलं. पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं, चढाईपटूनं पाहिलं. दोघांच्या नजरेत तेव्हा राग नव्हता. मैदानात पंचाकडे बघतात तसं बघत होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. "मी दोघांनाही सांगितलंय, चूक माझी," एवढंच. त्याऐवजी मी शिट्टी तोंडात घातली. थांबवायला म्हणून दोन आखूड वाजवल्या. बाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

दोघांनी एकदमच उचललं. पालखी एका बाजूला कलली, बायका ओरडल्या. कुणीतरी चढाईपटूला मागून ढकललं, त्यानं कोपर मारलं, मग कोण कुणाला मारतंय ते ओळखू येईना. पालखीचा दांडा आडवा फिरला. गर्दी त्याच्यापासून वाचायला मागे सरली, आणि मागे साकव होता.

कठड्यावरून एक मुलगी पडली. सात-आठ वर्षांची, वरच्या आळीत आजोळी आलेली. ओहोळ चैत्रात कोरडा असतो, खाली नुसते दगड. तिच्या आईचा आवाज बाजाच्या वर गेला आणि मग बाजा थांबला.

मुलीला जीपमधून रोह्याला आणि तिथून अलिबागला नेलं. जीव वाचला. डावा पाय आखूडच राहिला.

आठ दिवसांनी गावकी बसली. पोलिसांत प्रकरण वाढवायचं नाही, गावातलं गावात मिटवायचं, असं ठरलेलं होतं. मी नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या डाव्या हाताला, समोर वही. गावकीचं इतिवृत्त मीच लिहायचो, कारण माझं अक्षर चांगलं.

चढाईपटूला मध्ये उभं केलं. कपाळाला पट्टी होती.

"पाळी नसताना दांड्याला हात कशाला लावलास?" अध्यक्षांनी विचारलं.

"सरांनी शब्द दिलेला."

"कधी?"

"मैदानात. पंधरा दिवस आधी. सांगा ना सर."

समाजमंदिरात शंभर तरी माणसं असतील. सगळी माझ्याकडे बघायला लागली. पुतण्या भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बघत होता. मी काय त्याला बोललो होतो ते तोही जाणून होता, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं ते सांगतो. खरं बोललो तर दोघांना शब्द दिल्याचं बाहेर येणार. मुलीचा बाप मागच्या रांगेत बसला होता. कठड्यावरची जोडी कुणी हलवली, हा प्रश्न लगेच पुढे येणार होता. शाळेत चौकशी. भाड्याचं घर अध्यक्षांच्या मेहुण्याचं. चार वर्षांत कमावलेलं नाव. हे सगळं आलं. तो पोरगा मात्र आला नाही, आणि तो माझ्या समोर उभा होता.

मी म्हणालो, "याचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. मी असा शब्द कुणालाच दिला नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला, खेळात चुकीचा निकाल दिल्यावर बघायचा तसा. कोपऱ्यात बायका बसल्या होत्या, त्यांतून त्याची आई उठून उभी राहिली.

"माझा पोरगा खोटं नाय बोलत. सर, तुमी पुन्हा आठवून बघा."

"बस गो खाली," कुणीतरी म्हणालं. "सर काय खोटं बोलतील?"

निकाल असा लागला: त्याचा खांदा कायमचा बंद. आणि त्याच्या दारात पालखी थांबणार नाही.

"लिहा, सर," अध्यक्ष म्हणाले.

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. 'शब्द दिल्याचे सरांनी नाकारले. सदर इसमाने खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले.' सिद्ध हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. तो माझाच.

घरी बायकोनं भाकरी वाढली आणि समोर बसली. तिला मी दोन्ही शब्दांबद्दल आधीच सांगितलं होतं, योजनेच्या कौतुकात. ती म्हणाली, "शिट्टी एवढी मोठी तुमची, आणि तोंड एवढंसं?" मी जेवलो. त्या दिवसानंतर तिनं हा विषय काढला नाही. मरेपर्यंत काढला नाही.

पुढच्या वर्षीची जत्रा शांत झाली. मुलीच्या पडण्यानं सगळे घाबरले होते. पालखी खालच्या आळीत गेली, दारादारात थांबत थांबत. एका घरापुढे चढाईपटूची आई उभी होती, इरकली लुगडं नेसून, हातात ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, दिवा. निकाल तिला माहीत होता. तरी उभी होती. पालखीवाली पोरं घुटमळली. देवीच्या पुढ्यात ताट घेऊन उभ्या बाईला ओलांडून जायचं कुणाच्या अंगवळणी नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष माझ्या शेजारी होते. ते हळूच म्हणाले, "सर, इथं गर्दी तुंबली तर पुन्हा काय तरी होईल."

मी लांब शिट्टी वाजवली. पालखी पुढे गेली.

ती बाई पुढच्या वर्षीही उभी राहिली, आणि त्याच्या पुढच्याही. मी दर वर्षी तिच्या दारासमोर लांब शिट्टी वाजवायचो. नंतर नंतर मी ती थोडी आधीच वाजवायला लागलो, म्हणजे पोरं घुटमळायची नाहीत. ताट घेतलेले तिचे हात बघायला नकोत म्हणून मी पालखीच्या पलीकडच्या बाजूनं चालायचो. चौथ्या वर्षी ती नव्हती. पावसाळ्यात गेली होती.

आई गेल्यावर चढाईपटू गाव सोडून डोलवीला गेला. तिथे ठेकेदाराकडे लागला. घराला कुलूप लागलं. मी निवृत्त होऊन पेणला आलो.

बऱ्याच वर्षांनी पेणच्या एस.टी. स्टँडवर तो भेटला. केस पांढरे झालेले, हातात डबा. मी ओळखलं, त्यानंही. वाकून नमस्कार केला. मी त्याला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोघांना शब्द दिल्याचं, योजनेचं, कठड्याचं. तो मधेमधे "व्हय" म्हणत होता, शिक्षक शिकवताना मुलं म्हणतात तसं.

"मना तेव्हाच कळलेलं सर," तो म्हणाला. "त्यालाही तुमी सांगितलेलं. त्यानंच मना सांगितलं नंतर, गिरणीच्या मागे, रडत."

"मग तू पुन्हा गावकीत का नाही बोललास?"

"तो बोलला असता तर बोललो असतो. त्याच्या काकाच्या पुढं त्याची काय टाप! आन् माझं कोण ऐकणार, वहीत तुमच्या हातचं होतं."

"मी आता गावात जाऊन सांगतो. सगळ्यांसमोर."

तो हसला. पूर्वीसारखंच.

"सांगा नायतर नका सांगू, सर. आई असती तर मी तुमचा हात धरून घेऊन गेलो असतो." गाडी लागली, तो उठला. "ती काय म्हणायची ठाऊक हाय? सरांना आठवेल. जरा वेळ लागेल, पण आठवेल त्यांना. म्हणून ताट घेऊन उभी राहायची."

गेल्या चैत्रात मी गावात गेलो. अध्यक्ष वारले, पुतण्या मुंबईला मुलाकडे असतो. गावकीत आता नवी मुलं आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, शाल घातली. एकानं भाषण केलं की सरांनी लावलेल्या शिस्तीमुळे आमच्या जत्रेत आजवर भांडण नाही. मी उभा राहिलो आणि सांगायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील. त्यांना वाटलं सर भावनाविवश झाले. टाळ्या वाजल्या. मी अध्यक्षपदावरच्या मुलाला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, त्या घराचं, त्या निकालाचं. त्यानं नीट ऐकलं. चांगला मुलगा आहे.

"निकाल वगैरे आमाला काय माहीत नाय, काका," तो म्हणाला. "वह्या सगळ्या पुरात गेल्या. पण त्या दारात पालखी थांबत नाय, ती पद्धत हाय आमच्याकडं."

"पद्धत नाही ती. शिक्षा होती. आणि खोटी होती."

"असेल. पण आता पद्धतच. मोडायची म्हटली तर लोक विचारतील, कशाला मोडली? पुन्हा आळ्यांचं सुरू होईल. तुमीच सांगितलेलं ना, गर्दीत नवीन काय करायचं नाय?"

सांगितलं होतं. स्वयंसेवकांना पहिल्या वर्षी सांगितलेलं वाक्य.

पालखी निघण्याआधी मी दुकानातून नारळ घेतला, खण घेतला, शेजारच्या घरातून एक ताट मागितलं. दिवा मिळाला नाही. कुलूप लावलेल्या त्या दाराच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. पुरुषानं ओटी घेऊन उभं राहायची रीत नाही. पोरींनी एकमेकींकडे बघून तोंडावर हात ठेवले. नारळ ताटात गडगडत होता.

पालखी आली. पुढे स्वयंसेवकांची एक जोडी होती, एक वरचा आणि एक खालचा असणार. त्यांतल्या एकानं माझा दंड हलकेच धरला आणि मला पायरीवर मागे सरकवलं.

"आजोबा, बाजूला व्हा. गर्दीत लागेल कुणाचा तरी धक्का."

मग त्यानं शिट्टी तोंडात घातली. एक, लांब.